चौथ्या ओळीतला एक शब्द

माझ्या लिहिण्याच्या धंद्यात सगळ्यांत अवघड काम कोणतं, असं विचारलं की लोक आपणच उत्तर देतात: वाटणीपत्र असेल, नाहीतर मृत्युपत्र. तसं काही नाही. भाऊभाऊ भांडून भांडून शेवटी सांगतातच, आणि मरणारा माणूस तर फार स्पष्ट बोलतो. सगळ्यांत अवघड काम म्हणजे बाईच्या तोंडून तिच्या नवऱ्याचं नाव काढणं.

मी गडचिरोलीच्या तहसील कचेरीच्या आवारात चिंचेखाली बसणारा अर्जनवीस. म्हणजे लोकांचे अर्ज, विक्रीखतं, गहाणखतं लिहून देणारा. वकील नव्हे, कारकूनही नव्हे. पुढ्यात उतरतं लाकडी डेस्क, दौत, दोन टाक, टीपकागद आणि बसायला सतरंजी, एवढंच माझं ऑफिस. लोक मला मुन्शीजी म्हणत. स्टॅम्पाच्या कागदावर मजकूर मी लिहायचा, लिहून देणाऱ्याला तो वाचून दाखवायचा, आणि मग सगळ्यांनी मिळून पलीकडच्या रजिस्ट्री कचेरीत साहेबांपुढे उभं राहायचं. साहेब विचारणार, "हा कागद तूच करून देतोस का? समजून करून देतोस का?" हो म्हटलं की अंगठा. त्या अंगठ्याखाली नाव लिहिणाराही मीच. पन्नास सालापासून पुढची सात-आठ वर्षं मला चांगली आठवतात, कारण तेव्हा मी नवा होतो आणि नव्या माणसाला सगळंच लक्षात राहतं.

तर नवऱ्याचं नाव. दस्तात ते लागायचंच, आणि आमच्याकडची बाई ते घेणार नाही म्हणजे नाही. मग कोडी सुरू व्हायची. "सोमवार सरला का येते तो" म्हटलं की मी मंगळू लिहायचा. "सीतेचा आदमी" म्हटलं की राम. एकदा धानोऱ्याकडची एक बाई म्हणाली, "शनवाराचा देव." मी घाईत होतो. शनिवारावरून शनिराम लिहून मोकळा झालो, दस्त नोंदवूनही झाला. आठवड्याने तिचा नवरा स्वतः आला, काठी टेकून समोर उभा राहिला आणि म्हणाला, "मुन्शीजी, मी मारोती. हा शनिराम कोन, ज्याच्या बायकोनं माह्यं वावर घेतलं?" शनिवारी मारोतीला तेल वाहतात हे मला का ठाऊक नव्हतं? पण टाक हातात असला की माणसाला देव आठवत नाही. चूकदुरुस्तीचा लेख मी माझ्या खिशातून करून दिला आणि वर त्याला चहा पाजला.

दुसरी गोष्ट चतुःसीमेची. कोणतंही घर विकायचं तर त्याच्या चार बाजूंना काय आहे ते लिहावं लागतं: पूर्वेस अमुकाचं घर, पश्चिमेस रस्ता, असं. जंगलातल्या एका गावाचा म्हातारा गोंड आपलं घर पुतण्याच्या नावानं करायला आला होता. मी विचारलं, पूर्वेस काय? जंगल. पश्चिमेस? जंगल. उत्तरेस आणि दक्षिणेसही जंगलच. मी चारही ओळी नीट लिहिल्या आणि वाचून दाखवल्या. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. "चारी कडनं त्याचंच हाय तं त्याचा बी अंगठा घ्या ना, बाबू," म्हणाला. त्याचं घर दोन खोल्यांचं असेल, पण साहेबांपुढे तो असा ताठ उभा राहिला की साहेबांनी त्याला बसायला सांगितलं. त्या कचेरीत बसायला सांगितलेली माणसं मी बोटांवर मोजली आहेत.

हे सगळं सांगितलं ते सारजाबाईसाठी. तिची गोष्ट सांगायची तर आधी नाव आणि चतुःसीमा कळायला हवी.

सारजाबाई चामोर्शीच्या आठवडी बाजारात भाजी विकायची. पन्नास-एक्कावन्नच्या सुमारास ती आणि तिचा नवरा बुधाजी माझ्याकडे आले ते घर घ्यायला. बाजाराच्या मागे दोन खोल्या, कवेलूचं छप्पर, मागे थोडी मोकळी जागा. मी सवयीनं टाक बुडवला आणि बुधाजीकडे पाहून विचारलं, "नाव?" त्यानं आपलं सांगितलं. मग खाकरला आणि म्हणाला, "अन् हिचं बी टाका."

मी वर पाहिलं. त्या काळी घर पुरुषाच्या नावावर व्हायचं, फार तर विधवेच्या. नवरा-बायको दोघांच्या नावानं खरेदी मी तोवर लिहिलीच नव्हती. "काऊन?" मी विचारलं. बुधाजी कमी बोलणारा माणूस. त्यानं तिच्याकडे बोट केलं नि म्हणाला, "अर्धं तिचंच हाय." एवढंच. मग मी तिला विचारलं, "बाई, नवऱ्याचं नाव?" ती पदराआडून म्हणाली, "मंगळवार सरला का येते तो." तो शेजारी बसलेला, त्याचं नाव आत्ताच कागदावर पडलेलं, शाई ओली, आणि तरी तिनं ते घेतलं नाही. मी हसून चौथ्या ओळीत लिहिलं: 'सारजाबाई जौजे बुधाजी'.

जौजे म्हणजे बायको. कचेरीत मुरलेला जुना फारसी शब्द. पुरुषाच्या नावापुढे आम्ही 'वल्द' लिहायचो, म्हणजे अमक्याचा मुलगा. लग्न झालेल्या बाईच्या नावापुढे 'जौजे', आणि नवरा वारला की 'बेवा'. तिसरा शब्द नव्हता. तो लागेल असं मला कधी वाटलंही नव्हतं.

पाचेक वर्षं गेली. आमचा जिल्हा अजून मध्य प्रदेशातच होता. एक दिवस सकाळी कचेरीच्या फाटकाशी बंडी थांबली आणि तिच्यातून बुधाजी आणि सारजाबाई उतरले. तो पुढच्या बाजूनं, ती मागच्या बाजूनं. मी म्हटलं, काय, आणखी एक घर घेता की काय? बुधाजी खाली बघत राहिला. सारजाबाई म्हणाली, "इकाचं हाय, भाऊ. आमची काडीमोड झाली."

काडीमोड म्हणजे पंचांपुढे धानाच्या तणसाची एक काडी नवरा-बायकोनं दोन टोकांना धरून मोडायची. मोडली की संपलं. कागद नाही, कोर्ट नाही. आमच्याकडे कित्येक जातींत ही रीत होती आणि ती सगळे मानत. पण काडीमोड झालेली दोघं एका बंडीतून वीस मैल येतात हे मी पहिल्यांदा पाहत होतो. मी तसं बोलूनही गेलो. सारजाबाई म्हणाली, "बंडी एकच भेटली, अन् रस्ता बी एकच व्हय."

मग थोडं थोडं कळलं. बुधाजीचा थोरला भाऊ गणूजी वैनगंगेच्या पलीकडे शेती करायचा. त्यानं हट्ट धरला की धाकट्यानं गावी परत यावं, एका चुलीवर राहावं. बुधाजीला भावाचा शब्द मोडता येईना. सारजाबाईला बाजारातली आपली जागा आणि आपलं घर सोडवेना. "त्या घरी जाऊन बारा जनाच्या भाकरी थापू, अन् भासऱ्याले विचारून मीठ टाकू? मले नाई जमत," ती म्हणाली. भासरा म्हणजे थोरला दीर. लेकरू नव्हतं. मारझोड नव्हती, दुसरी बाई नव्हती. वर्षभर ओढाताण झाली आणि शेवटी काडी मोडली. एकानं दुसऱ्याचा हिस्सा घ्यावा एवढी ऐपत दोघांचीही नव्हती, म्हणून घर विकायचं. घेणारा एक दुकानदार होता, शांत माणूस. त्याला फक्त भांडण नको होतं.

तिच्यासाठी ही विक्री काय होती ते त्याच वेळी माझ्या लक्षात आलं. तिचे आईबाप गेलेले, भाऊ नाही. त्या अर्ध्या घराखेरीज जगात तिचं म्हणावं असं एक कवेलू नव्हतं. अर्धा हिस्सा हातात आला तर बाजाराजवळ एखादी खोली घेईल आणि भाजी विकेल. नाही आला तर माघार घेऊन भासऱ्याच्या चुलीपाशी नाहीतर कोणाच्या तरी पडवीत.

मी नवा कागद लिहायला घेतला. जुनं खरेदीखत उघडून ठेवलं आणि त्यावरून उतरवलं. 'सारजाबाई जौजे बुधाजी'. हाताला सवय. वाचून दाखवायला लागलो तर तिनं तिथंच थांबवलं. "जौजे म्हंजे काय भाऊ?"

"बायको."

"मंग ते खोडा. मी आता नोव्हो."

मी म्हटलं, "बाई, नुसती लिहायची रीत आहे ती. जुन्या कागदाशी नाव जुळलं पाहिजे." मला वाटलं मी शहाणपणाचं बोललो. तेवढ्यात गणूजी आला. नदी ओलांडून थेट आला होता, धोतर गुडघ्यापर्यंत ओलं. बसला नाही. उभ्यानंच म्हणाला, "बराबर हाय मुन्शीजी. जौजे लिवा. बायकोचं जे ते नवऱ्याचं. बाईचं नाव तवा नुसतं मान म्हून टाकलं. सारा पैका बुधाच्या हाती द्या."

इथून पुढचं ज्यानं पाहिलं नाही त्याला गंमत वाटेल. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको भासऱ्याशी तोंडानं बोलत नाही. काडीमोड झाली तरी सारजाबाईनं ती रीत सोडली नव्हती. ती माझ्याकडे तोंड करून बोलायची, तोही माझ्याकडे, आणि दोघांमध्ये अंतर चार हातांचं. मी मध्ये मान हलवत.

"भाऊ, त्याहीले सांगा, काडीमोड झाली. पंचात ते सोता बसले होते."

"मुन्शीजी, ते जातीचं झालं. सरकारात काडी चालत नाई. अन् चालत असंल, तं अजून बरं. ते जौजे नोव्हे ना? मंग या जुन्या कागदात 'सारजाबाई जौजे बुधाजी' लिवलं ते कोनती बाई? ते तं आता राह्यलीच नाई."

म्हणजे बायको असली तर सगळं नवऱ्याचं, आणि बायको नसली तर कागदातली ती दुसरीच कोणी. दोन्हीकडून गणूजीचं बरोबर. आणि हे हत्यार त्याच्या हातात मीच पाच वर्षांपूर्वी दिलं होतं, हसत हसत, एका शब्दानं.

खरं सांगायचं तर कायद्यानं यातलं काहीच टिकणारं नव्हतं. ज्याचं नाव त्याचा हिस्सा. मला ते पक्कं ठाऊक होतं. पण गणूजी त्याच्या पंचक्रोशीतला वजनदार माणूस. त्याच्या गावचे दहा-बारा दस्त वर्षाला माझ्याकडे यायचे. मी टीपकागद उगाच फिरवत राहिलो आणि म्हणालो, "साहेब काय म्हणतात ते बघू." ती माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही. आयुष्यात मी पुष्कळ चुका लिहिल्या आणि दुरुस्त केल्या, पण न बोललेल्याचं चूकदुरुस्तीपत्र होत नाही.

बुधाजी चिंचेचा एक आकडा सोलत बसला होता. दुकानदार हळूच म्हणाला, "मले दोघाइचे अंगठे पायजे, नाईतर मी जातो." मी उरलेला मजकूर वाचून संपवला. शेवटी नेहमीचं वाक्य: 'आजपासून सदर घराशी आमचा काडीमात्र संबंध राहिला नाही.' ते ऐकून सारजाबाई पहिल्यांदा हसली. "काडी तं आमी आदीच मोडली," म्हणाली. बुधाजीही हसला बहुतेक. त्यानं तोंड दुसरीकडे केलं होतं.

रजिस्ट्रीचे साहेब तेव्हा हिंदी मुलखातले. कडक, पण वाकड्या मार्गाचे नव्हते. मराठी समजायची, बोलायचे हिंदीत. त्यांनी कागद वाचला, जुनं खरेदीखत पाहिलं, आणि चष्म्यावरून सारजाबाईकडे पाहत म्हणाले, "तुम वही सारजाबाई हो? किसकी जौजे? आदमी का नाम बोलो."

गणूजी दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर निश्चिंती होती. तिथं जमलेल्या प्रत्येकाला माहीत होतं की आता कोडं येणार. मंगळवार सरला का येते तो. आणि ते कोडं आलं की ती अजून बायकोच. नवऱ्याचं नाव जी घेत नाही ती बायको, हे साहेबांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. इतक्या वर्षांत तेही शिकले होते. मी मागे उभा होतो.

सारजाबाईनं डोक्यावरचा पदर मागे सारला. खांद्यावर नव्हे, फक्त कपाळ दिसेल एवढाच. आणि सरळ साहेबांकडे बघून म्हणाली, "बुधाजी."

शेजारी आपल्या पाळीची वाट बघत बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी तोंडाला पदर लावला. ती थांबली नाही. "बुधाजी वल्द सोमाजी. हे घर घेतलं तवा मी त्याची बायको होती, साहेब. तवा मी नाव नाई घेतलं. आता घेऊन राह्यली. मंग मी कोन व्हय अन् कोन नोव्हो, ते तुमीच समजा. पन कागदातली सारजा मीच व्हय. हिरीतली माती मीच वर काढली."

ही विहिरीची गोष्ट मला नवी होती. साहेब बुधाजीकडे वळले. "क्यों? सच है?"

गणूजी पुढे झाला. "साहेब, मी सांगतो..."

"तुमको नहीं पूछा."

बुधाजीनं हातातला चिंचोका खिशात टाकला. मग म्हणाला, "घराच्या मांगं हीर हाय. दोघाइनं खंदली. मी खाली, हे वर. पंधरा हात. मान म्हून नाव नाई टाकलं, साहेब." तो एकदा भावाकडे बघून पुन्हा साहेबांकडे वळला. "सारजाचं अर्धं हाय. सारजाच्याच हाती द्या."

पुरुषही आमच्याकडे बायकोचं नाव चारचौघांत घेत नाहीत. 'ही', 'घरची', फार तर 'अमक्याची माय'. त्यानं एका दमात दोनदा घेतलं. गणूजी पायऱ्या उतरून गेला. मला त्या दोघांविषयी त्या क्षणी जे वाटलं ते मला या वयातही नीट लिहिता येत नाही. मी ज्यांना अडाणी समजून कागद वाचून दाखवत होतो, त्यांना त्या कागदातलं माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मला त्यांचा अभिमान वाटला, आणि स्वतःची लाज.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मुन्शी, जौजे काटो," म्हणाले.

आता आमच्या धंद्यात एक कडक नियम आहे. दस्तातला शब्द नुसता खोडून चालत नाही. शेवटी लिहावं लागतं की कोणत्या पानावर, कोणत्या ओळीत, कोणता शब्द खोडला, आणि लिहून देणाऱ्यांनी त्यापुढे अंगठा करावा लागतो. नाहीतर उद्या कोणीही काहीही खोडेल. मी चौथ्या ओळीतल्या 'जौजे'वर एक रेघ मारली. खाली लिहिलं: 'पान पहिले, ओळ चौथी, जौजे हा शब्द खोडला आहे, तो लिहून देणार उभयतांना मान्य.' बुधाजीनं डावा अंगठा दिला. त्याच्याशेजारी सारजाबाईनं. तिचा अंगठा त्याच्यापेक्षा रुंद होता. भाजीच्या टोपल्या उचलणारा हात.

त्यांच्या काडीमोडीची सरकारदरबारी नोंद एवढीच. ती कुठं शोधायची ते मलाच ठाऊक आहे.

बाहेर आलो. दुकानदारानं चिंचेखालीच दोघांना वेगवेगळे पैसे दिले. बुधाजी नदीकडच्या वाटेला लागला. फाटकाच्या बाहेर पडला असेल नसेल, तोच सारजाबाईनं हाक मारली. 'अवो' नव्हे, 'आयकता का' नव्हे.

"बुधाजी! चाबी राह्यली."

तो जागच्या जागी थांबला. चौदा वर्षांच्या संसारात त्या आवाजात ते नाव त्यानं कधी ऐकलं नव्हतं. परत आला, कंबरेच्या करदोड्याला बांधलेली किल्ली सोडायला लागला. गाठ सुटेना. ती उभी राहिली, मदतीला पुढे झाली नाही. आता ते तिचं काम नव्हतं. अखेर गाठ सुटली. त्यानं किल्ली दुकानदाराला न देता तिच्या हातात ठेवली, आणि तिनं दुकानदाराला दिली. येताना एका बंडीतून आलेली माणसं दोन वाटांनी गेली. मी सतरंजीवर बसून त्या दिवशीचा पुढचा दस्त लिहायला घेतला. तो कसला होता ते आठवत नाही.

त्या दिवसानंतर मी एक सवय लावून घेतली. बाई समोर बसली की तिचं नाव लिहायचं आणि टाक उचलून थांबायचं. पुढचं ती सांगेल ते. यात फार वेळ जातो. गणूजीच्या गावचे दस्त तसेही येईनासे झाले होते, त्यामुळे वेळ पुष्कळ होता.

दोनेक वर्षांनी, जिल्हा मुंबई राज्यात गेल्यावर, सारजाबाई पुन्हा आली. बाजाराजवळची एक खोली घेत होती, एकटीच्या नावावर. अंगावर नवं लुगडं, कपाळाला घाम, आणि माझ्यासाठी टोपलीत चार वांगी. मी खरेदीखत लिहायला घेतलं. 'सारजाबाई' लिहिलं आणि टाक वर उचलला.

"पुढं काय लिहू, बाई?"

"पुढं काई नाई, भाऊ. 'राहणार चामोर्शी' लिवा."

मी नावापुढे स्वल्पविराम दिला आणि राहणार चामोर्शी लिहिलं. तो स्वल्पविराम मी जरा ठसठशीत काढला, हे कबूल करतो.

रजिस्ट्रीत साहेब बदलले होते. नवे साहेब वऱ्हाडातले, तरुण, घाईचे. त्यांना माझी किंवा तिची काही माहिती नव्हती. नियमाप्रमाणे त्यांनी विचारलं, "बाईला ओळखणारं कोणी आणलं आहे का?" ओळखदार म्हणजे ही बाई तीच, असं साहेबांपुढे सांगणारा माणूस. मी म्हणणार होतो की मीच सांगतो. तेवढ्यात ती दाराकडे वळून म्हणाली, "बुधाजी, ये ना अंदर."

तो आला. केस पांढरे व्हायला लागलेले. डोंग्यातून नदी ओलांडून, पुढं पायी आला होता, तेवढ्याचसाठी. भावाला सांगून आला की नाही, मी विचारलं नाही. साहेबांनी मान वर न करता विचारलं, "तुम्ही या बाईला ओळखता?"

"हो."

"किती वर्षांपासून?"

बुधाजीनं तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा लग्न कधी झालं ते आठवेल आणि सोळा वर्षं म्हणेल. तो विचार करत होता, मोजत नव्हता.

"आमी दोघाइनं घर इकलं ना साहेब," तो म्हणाला, "त्या दिसापासून वळखतो."

"म्हणजे कधी?"

"दोन वर्सं झाली."

साहेबांनी रजिस्टरात लिहून घेतलं: ओळख दोन वर्षांची. मग माझ्याकडे पाहून विचारलं, "बरोबर आहे ना, मुन्शीजी?" दुरुस्ती करण्यासारखं त्यात मला काही दिसलं नाही. मी हो म्हटलं.